जुनी गाडी, नवे शॉकॲब्सॉर्बर आणि चार चिरे

जुन्या गाडीला शर्यतीचे सस्पेन्शन बसवण्याचा आपला संकल्प पक्का झाला असेल, तर गाडी पाहण्याआधी कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र बांधलेल्या नळकांड्या, मागवून मोकळे व्हावे. त्यांच्या स्प्रिंगा पिवळ्या किंवा जांभळ्या असाव्यात, उंची कमीजास्त करण्यासाठी आटे असावेत आणि ते कोणत्या गाडीचे आहेत हा प्रश्न गौण मानावा. खोकी एकदा घरात येऊन पडली की घरच्यांचा विरोध निम्म्याने गळून पडतो. कुलूप आवडले म्हणून त्याला शोभेलसे दार शोधायला निघालेल्या माणसाच्या उत्साहाने मग आपण गाडी शोधायला निघावे.

गोव्यात या शोधासाठी भूमी अनुकूल आहे. 1961 पूर्वी येथे परदेशी गाड्या थेट बंदरावर उतरत, आणि पुढील काळातल्या जीडी (गोवा-दमण) अक्षरांच्या पाट्या अजूनही एखाद्या माडाखालच्या शेडमध्ये धूळ खात असतात. शिवाय वर्षाला सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस आणि समुद्राचा खारा वारा यांच्या सहकार्यामुळे गाडीचे वजन आपोआप कमी होत राहते, ज्यासाठी इतर प्रांतांतील हौशी लोकांना पैसे मोजावे लागतात.

पहिला विचार अर्थातच प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजे जुन्या फियाटचा, करावा. 1089 सीसीचे इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, असा हा ऐवज पाहिला की याला वळणावर चिकटून राहणारे सस्पेन्शन हवे, हे कोणाच्याही लक्षात येईल, कारण सरळ रस्त्यावर तिला कोणीही मागे टाकणार आहे. पुढे दुहेरी विशबोन, म्हणजे चाक धरणारे वरखालचे दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग असल्याने तेथे काहीतरी करता येते. मागे मात्र बैलगाडीच्या वंशातले कमानपाटे असतात. हे पाटे केवळ धक्के झेलत नाहीत, तर मागचा ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचे कामही तेच करतात, ही क्षुल्लक बाब पाटे काढून झाल्यावर कळली तरी चालते.

उंची कमी करण्यासाठी स्प्रिंगचा एक वेढा गॅस कटरने कापावा, असा सल्ला एखादा मेस्त, म्हणजे आपला मिस्त्री, देईल. तो शिरोधार्य मानावा. आठ कार्यरत वेढ्यांतला एक गेला की स्प्रिंग सुमारे चौदा टक्के कडक होते, कटरच्या आचेने कापलेल्या टोकाचे पाणी उतरते, आणि पुढची चाके खड्ड्यात वर गेली की स्टिअरिंग आपल्याला न विचारता वळते. कारण चाक वळवणारा टाय रॉड आणि चाक धरणारा खालचा आर्म आता वेगवेगळ्या कमानी रेखाटत असतात. जाणकार याला बंप स्टिअर म्हणतात. आपण याला गाडीचा स्वभाव म्हणावे.

अधिक धाडसी वाचकांनी ॲम्बेसेडर घ्यावी. तिच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगच नसते. एक सरळ लांब पोलादी दांडा, म्हणजे टॉर्शन बार, पिळवटून सगळा भार घेतो. कॉइलओव्हरची जोडी आधीच घरी आणून ठेवली असल्यास ॲम्बेसेडरइतकी योग्य गाडी दुसरी नाही.

तथापि रसिकाने थांबावे ते स्टँडर्ड हेराल्डपाशी. पुढे दुहेरी विशबोन, स्प्रिंगच्या पोटातच बसवलेला शॉकॲब्सॉर्बर, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि पणजीतल्या फोंतेनासच्या अरुंद गल्लीतही वळावे असे जेमतेम पंचवीस फुटांचे वर्तुळ. एवढ्यावर मन भुलू देऊन मागे पाहू नये, कारण मागे डिफरन्शियलवर आडवा टाकलेला एकच पाटा आणि दोन झुलणारे ॲक्सल असतात. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडते आणि चोर्ल्याच्या घाटात निसर्गसौंदर्य अचानक सर्व बाजूंनी दिसू लागते.

गाडी तपासायला जाताना स्क्रूड्रायव्हर आणि लोहचुंबक कधीही जवळ बाळगू नयेत. मी एकदा ही चूक केली. बार्देसमधल्या एका गावी मालकाने फडक्याने पुसून चकचकीत केलेल्या पद्मिनीखाली मी आडवा झालो आणि पुढच्या सस्पेन्शनचा आर्म जेथे बसतो तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले, तर ते पोह्याच्या पापडातून जावे तसे आत गेले आणि माझ्या चष्म्यावर चिमूटभर तांबडा भुगा सांडला. चुंबक दारावर ठेवला तो पुट्टीवरून घसरून पडला. मालक अतिशय शांतपणे म्हणाले, ‘‘बाब, पोरन्या गाडयेक इल्लें आसताच.’’ म्हणजे जुन्या गाडीला थोडेफार असायचेच. जेथे पत्राच हलतो तेथे कितीही महाग शॉकॲब्सॉर्बर बसवला तरी धक्के पत्राच खातो, हा विचार तेव्हा मनात आला होता. आपण तो येऊ देऊ नये, कारण त्यामुळे सौदा मोडतो.

कायद्याकडे पाहण्याची आवश्यकता नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि 2019 च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही मूळ बनावटीत फेरफार करण्याच्या विरोधात असले तरी आपण फेरफार करत नसून सुधारणा करत आहोत. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हीए मालिकेतला मानाचा क्रमांक मिळू शकतो. मात्र चासिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे बदल केलेली गाडी त्यातून वगळली जाते. क्रमांक आधी घ्यावा की वेल्डिंग आधी करावे, यावर घरी एक रंगतदार संध्याकाळ घालवता येते.

उरला रस्ता. प्रमाणित गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर असते. आपल्या वाड्यावरचा रंबलर मात्र ज्याने घातला त्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीइतका उंच असतो. गाडी तीन इंच खाली आणल्यावर तो तिरका ओलांडावा, आधी एक चाक आणि मग दुसरे, मागच्या बसचा हॉर्न ही दाद समजून.

मेस्त ‘‘फाल्यां’’ (उद्या) म्हणून गाडी चवथीपूर्वी, म्हणजे गणपतीपूर्वी, देण्याचे वचन देतो. ती चवथ उलटते, नाताळ उलटतो, आणि एप्रिलमध्ये गाडी चाके काढून चार चिऱ्यांवर उभी असते. याच अवस्थेत तिची मांडणी सर्वांत अचूक असते. ती कलत नाही, डुलत नाही, रंबलरला घासत नाही. सपाट बोनेटवर ऊन चांगले पडते म्हणून शेजारीण तेथे मिठाच्या पाण्यातली भिंडांची, म्हणजे कोकमांची, सोलां वाळत घालते. ती सुकेपर्यंत गाडी हलवायची नाही, एवढी एकच अट ती घालते, आणि ती आपण मोठ्या मनाने मान्य करावी.