गाळलेलं वाक्य

आज सकाळी आमच्या भागातल्या वाचनालयात मुलांचं अभिवाचन होतं. आठवी-नववीची दहा-बारा पोरं सतरंजीवर गोल करून बसलेली, सगळ्यांच्या हातात एकाच गोष्टीची झेरॉक्स. एकेकानं एकेक परिच्छेद वाचायचा. तिसरा परिच्छेद एका मुलीच्या वाट्याला आला. जाड मुलगी. आवाज खणखणीत. (इथे ‘जाड, पण आवाज खणखणीत’ असं लिहून मग खोडलंय. त्या ‘पण’वर खाली बोलते.) छान वाचत होती. मध्येच तिनं एक वाक्य गाळलं आणि अडखळल्याचं न दाखवता पुढच्यावर गेली.

वाक्य होतं, ‘ती बसली की बाक कुरकुरायचा.’

शेजारचा मुलगा लगेच, “ए, एक ओळ राहिली!” आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली. हशा. ताई म्हणाल्या, “अरे, गोष्टच आहे ती, हसताय काय!”

गोष्टच आहे! दुपारपासून डोकं फिरलंय.

आणि गंमत म्हणजे, जाड मुलांना चिडवू नये हेच सांगायला ती गोष्ट लिहिलेली. शेवटी नायिका आरशासमोर उभी राहते, स्वतःशी हसते, ‘मी आहे तशी छान आहे’ म्हणते. झालं. आत्मस्वीकार संपन्न, टाळ्या. त्याआधीच्या चार पानांत मात्र लेखकानं तिला बाकावर कुरकुरवलंय, जिन्यात धापा टाकायला लावलंय, डब्यातला तिसरा पराठा मोजलाय.

किशोरांसाठी लिहिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, ते बाकाचं वाक्य कोण बोलतंय ते आधी बघा. एखादा वात्रट मुलगा बोलला असता तर तो त्याचा वात्रटपणा, वाचणारी त्याच्यावर चिडू शकते. तिच्या मनात आलं असतं तर ती तिची भीती, वाचणारी तिच्या शेजारी जाऊन बसते. इथे ते निवेदक बोलतो. निवेदक म्हणजे पुस्तकाचा आवाज, आणि तेरा वर्षांच्या वाचकाला तो खराच वाटतो. पुस्तकच जर हसलं तर त्या मुलीनं कुणावर चिडायचं? तिनं वाक्य गाळलं. आपल्यापैकी कुणाला सुचलं नसतं इतकं नेमकं संपादन केलं पोरीनं.

हो, मुलं चिडवतात. ते लिहू नका असं म्हणत नाही. ढोली, बटाटा, हडकुळी, काडीपैलवान, सगळं येऊ द्या संवादात, गुळगुळीत वर्ग कुणाला खरा वाटणार? जूडी ब्लूम यांनी १९७४ साली ‘ब्लबर’ लिहिलं. पाचवीचा वर्ग, देवमाशावर निबंध वाचणारी लिंडा, आणि तेव्हापासून तिला चिकटलेलं ‘ब्लबर’ म्हणजे देवमाशाची चरबी हे नाव. सांगणारी जिल आहे, चिडवणाऱ्यांतलीच एक. त्यामुळे वाचताना आपण लिंडाच्या अंगाकडे बघत नाही, जिलच्या मनाकडे बघतो, आणि ते बघवत नाही. शेवटी वर्ग जिलवरच उलटतो. त्या पुस्तकात आरसा लागत नाही.

आरसा शेवटी येतो कारण लेखकाला घाई असते. आधी एक शेवट ठरलेला असायचा: सुट्टीत मुलगी बारीक होऊन येते आणि सगळे थक्क. तो आता लाजिरवाणा झाला म्हणून त्याच जागी आरसा बसवलाय. दोन्हीकडे प्रश्न तिचा तिनंच सोडवायचा. वर्ग आहे तसाच, बाई आहेत तशाच, आजी जेवताना ‘पुरे आता’ म्हणतेच आहे. लिसा फिप्स यांची ‘स्टारफिश’ (२०२१) ही पद्यातली कादंबरी घ्या. नायिका एलीच्या वजनामागे सगळ्यात जास्त हात धुऊन लागलेली तिची स्वतःची आई आहे. पोहण्याच्या तलावात एली हातपाय पसरून तरंगते, तेवढी जागा ती घेते आणि लेखिका तिला ती घेऊ देते. पुस्तक संपताना ती बारीक झालेली नसते. आईशी बोलणं मात्र झालेलं असतं, तेही एका समुपदेशिकेच्या मदतीनं, अनेक खेपा घालून. वेळ लागतो हो. एका परिच्छेदात नाही होत.

आता तो ‘पण’. ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस.’ ‘जाड आहे, पण चपळ.’ ‘काडीसारखा, पण हुशार.’ पोराचं आधी वजा करायचं, मग अधिक. आपल्या हस्तलिखितात ‘पण’, ‘तरी’, ‘मात्र’ शोधा आणि त्यांच्या डाव्या बाजूला अंगाचं वर्णन असेल तिथे जोडशब्द काढून मध्ये पूर्णविराम टाका. नव्वद टक्के काम तिथेच होतं. (टक्केवारी मनाची आहे, भांडू नका.)

शब्द बदलून भागत नाही, हेही सांगते. ‘जाड’ला आपण ‘हेल्दी’ म्हणतो, ‘अंगानं भरलेली’ म्हणतो, ‘खात्यापित्या घरची’ म्हणतो, आणि पोरांना ते दुप्पट लागतं, कारण साधा शब्दसुद्धा उच्चारण्याजोगा नाही हे त्यातून कळतं. २०२३ मध्ये रोआल्ड डाल यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्तीत ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधल्या ऑगस्टस ग्लूप या पोराला ‘फॅट’ म्हणायचं सोडून ‘एनॉर्मस’ म्हटलं. केवढा गदारोळ झाला! शेवटी प्रकाशकांना मूळ पाठही छापत राहू असं जाहीर करावं लागलं. पण पोरगा खादाड, म्हणून चॉकलेटच्या नदीत पडणार आणि नळीत अडकणार, हे कुठे बदललं? विशेषण हलवलं, शिक्षा जागच्या जागी.

आकडे तर नकोतच. नायिका अमुक किलोवरून तमुक किलोवर आली, दिवसाला इतक्या कॅलरी खाल्ल्या, हे छापलं की ज्या मुलीचं जेवणाशी आधीच बिनसलंय तिला ते लक्ष्य वाटतं. उपाशी राहण्याच्या युक्त्याही तपशिलात नकोत, लेखकाचा हेतू कितीही चांगला असो. ‘स्वीट व्हॅली हाय’ ही अमेरिकी किशोर-कादंबऱ्यांची मालिका १९८३ साली सुरू झाली. त्यातल्या जुळ्या बहिणी ‘परफेक्ट साइज सिक्स’, म्हणजे कपड्यांचं माप सहा. २००८ मध्ये पुस्तकं नव्यानं निघाली तेव्हा तो आकडा चार झाला. सहासुद्धा बारीकच होता! पंचवीस वर्षांत बदलावंसं वाटलं ते हे.

मग अंगाबद्दल लिहायचंच नाही का? उलट, भरपूर लिहा. या वयात अंग बदलतं, हाच तर विषय आहे. मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी वाढते, पाळीच्या आगेमागे अंग भरतं, तसंच व्हायला हवं असतं. मला कुणीतरी युनिफॉर्मवर गोष्ट लिहून द्या. जूनमध्ये शिवलेला कुर्ता जानेवारीत काखेत काचायला लागतो. चांगला शिंपी वाढत्या अंगासाठी बाजूच्या शिवणीत इंचभर माया सोडतो. माया उसवली की कुर्ता पुन्हा अंगात येतो. फक्त आतल्या कापडाला ऊन लागलेलं नसतं, ते घासलं गेलेलं नसतं, त्यामुळे दोन्ही कुशींना गडद पट्टी दिसते, शेजारी जुन्या टाक्यांची भोकं. वर्गात हात वर करायचा म्हटला की ती पट्टी दिसणार. उत्तर येतंय, हात वर जात नाही. बघा, यात ‘जाड’ हा शब्द आला का कुठे? आणि त्या कापडाला आपण माया म्हणतो, यावर मी काही बोलत नाही, बोलले तर तुम्हीही आरसा आणाल.

आता जरा शांत झालेय. ज्यांनी ती गोष्ट लिहिली त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं, हे मलाही कळतं. ‘बाक कुरकुरायचा’ हे हात आपोआप लिहितो. आपण लहानपणापासून हेच वाचलं, पडद्यावर जाड्या-रड्याची जोडी बघून लोळलो, जाडा आला की हसायचं हे अंगवळणी पडलंय. ताईंचाही राग गेला. त्या एकट्या दर रविवारी दहा-बारा पोरं गोळा करतात, आपण कितीजण करतो?

पण ती मुलगी. वाचन संपल्यावर ताईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? दोघातिघांनी आरशाबद्दल ठरलेलं छान छान सांगितलं. मग हिनं हात वर केला.

“तो बाक आधीच मोडका होता का?”

परत हसले सगळे. ताईंनी घड्याळ बघितलं, सतरंजी गुंडाळायची होती. उत्तर कुणीच दिलं नाही, मीही नाही, तेव्हा सुचलंच नाही. आत्ता, रात्री साडेअकराला, तिसरा परिच्छेद असा लिहून बघितलाय:

‘त्या बाकाचा उजवा खिळा दोन वर्षांपासून सैल होता. कुणीही बसलं तरी तो कुरकुरायचा. वर्ग मागे वळून बघायचा तो मात्र ती बसली की.’

पुढच्या रविवारी झेरॉक्स काढून नेणार आहे. ती आली तर तिसरा परिच्छेद तिलाच द्या, असं ताईंना आत्ताच कळवून ठेवलंय.