मातीचा वास आणि माझ्या बाळबोध शंका

पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासावरचा लेख लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचला. त्या वासात जिओस्मिन नावाचं रसायन असतं आणि ते मातीतले बॅक्टेरिया बनवतात हे भारीच, आम्ही आपले मातीला क्रेडिट देत बसलो. आता एक शंका, आमच्या चाळीमागच्या पाइपाच्या फटीत दर पावसाळ्यात नेचे (फर्न) उगवतात, कोवळी पानं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली (बायको म्हणते उपटा, भिंत फुटेल), तर ही जमात म्हणे ३५ कोटी वर्षांहून जुनी आणि फुलं आली साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे मधली वीसेक कोटी वर्षं जंगलात मोगरा नाही, चाफा नाही, मग वास कसला यायचा, हाच ओल्या मातीचा?

दुसरं म्हणजे हा वास आला की मला डायरेक्ट तिसरीतला रेनकोट आणि डब्यातली गार पोळी आठवते, फोटो बघून तसं होत नाही. वासाचे सिग्नल फास्ट लोकलसारखे थॅलॅमसचं (बाकी इंद्रियांचे सिग्नल जिथून पुढे जातात तो मेंदूतला भाग) स्टेशन न घेता थेट आठवणी-भावनांच्या भागात जातात म्हणे. बरं, मग कचऱ्याच्या गाडीचा वास रोज येतो, त्यानं काहीच कसं आठवत नाही? रोजचाच म्हणून का?