पहाटे साडेचारची मॅच

ओहायोतल्या माझ्या स्वयंपाकघरात बुधवारी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा मिरजेत पहाटेचे साडेचार झालेले असतात आणि आई तोंड धुऊन, चहा घेऊन टॅबलेटसमोर बसलेली असते. नातीची मॅच असते. लेक इथून चार तासांवरच्या एका लहानशा कॉलेजात शिकते आणि तिथल्या व्हॉलीबॉल संघात लिबेरो आहे. म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागच्या फळीत अंगावर येणारे स्मॅश उचलायचे. जाळीवर उडी मारून टाळ्या मिळवणं तिच्या नशिबात नाही. आईला पहिल्या मॅचला हे काही झेपलं नव्हतं. "सगळ्यांचे शर्ट निळे आणि हिचाच पांढरा का गं? शिक्षा केलीय का पोरीला?"

या प्रक्षेपणाला प्रक्षेपण म्हणायला जीभ जरा अडखळते. एकच कॅमेरा, तोही जिन्यासारख्या बाकांच्या वरच्या टोकाला बसवलेला. कॉमेंट्रीला दोन विद्यार्थी. त्यातला एक मधूनमधून काहीतरी कुरकुरीत खातो आणि ते माइकवर ऐकू येतं. आमच्या आडनावाचे तो दर मॅचला नवे तुकडे पाडतो. स्कोअरची पट्टी कधी पाच-पाच पॉइंट मागे राहते, मग कुणाच्या तरी लक्षात येतं आणि एकदम उडी मारते. बघणारे किती, याचा आकडा कोपऱ्यात दिसतो: ६४. त्यातले आईबाप सोडले तर फार कुणी उरत नसावं.

गेल्या सप्टेंबरातल्या एका मॅचमध्ये पाचवा सेट तेरा-तेरावर होता. पंधराला संपतो तो सेट. नेमकं तेव्हा माझ्या लॅपटॉपवर चित्र गोठलं आणि मधोमध ते गोल गोल फिरू लागलं. मी टेबलावर हात आपटत असतानाच मिरजेहून फोन. "अगं उचलला की तिनं! जमिनीला टेकता टेकता उचलला! जिंकल्या!" माझ्या पडद्यावर अजून तेरा-तेराच. ओहायोत झालेल्या मॅचचा निकाल ओहायोत राहणाऱ्या मला सुमारे तेरा हजार किलोमीटरवरून कळला. यात चमत्कार काही नाही. लाइव्ह व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडून पाठवतात, आणि प्रत्येक यंत्र त्यातले थोडे साठवून मग दाखवायला घेतं. कुणाचा साठा मोठा, कुणाचा लहान, कुणाचं इंटरनेट मध्येच दम खातं. त्यामुळे 'लाइव्ह' प्रत्येकाचं वेगळं. पण आईला अजून वाटतं की भारतात वेळ पुढे असते म्हणून तिला आधी दिसलं. मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमचा कॉलेजमित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ऑलिम्पिक आलं की तिथे एक वाद ठरलेला. २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेनं नेमबाजीत ब्राँझ जिंकलं आणि खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक आलं, तेव्हा तो वाद आठवडाभर चालला. एक पक्ष म्हणतो, अमेरिकेचे बहुतेक ऑलिम्पिकपटू कॉलेजांमधून येतात, तिथे कॉलेजच्या मॅच टीव्हीवर दिसतात, आपल्याकडे असं झाल्याशिवाय काही खरं नाही. दुसरा पक्ष म्हणतो, आपल्याकडे लेक्चरला पोरं नाहीत, कॉलेजच्या मॅच कोण बघणार? मग कुणीतरी मला टॅग करतं: "तू तिकडे आहेस, तू सांग."

मी तिकडे आहे आणि दोघांचंही मला पटत नाही.

पहिल्या पक्षाच्या डोळ्यांसमोर जे आहे ते शनिवारचं अमेरिकन फुटबॉल. मी राहते त्या कोलंबस शहरात लाखाच्या वर माणसं मावणारं कॉलेजचं स्टेडियम आहे, आणि मिशिगनविरुद्धच्या मॅचच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल फुल्या मारतात. हे वेड मला आवडतं, खोटं कशाला बोलू. शेजारचे आजोबा एरवी गवताच्या उंचीशिवाय कशावर बोलत नाहीत, त्या आठवड्यात मला मिठी मारतात. पण या वेडाच्या मागचा हिशेब बघितला की हुरूप कमी होतो.

१९८४पर्यंत कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचं हे एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी एकच संस्था ठरवायची. एका संघाला दोन वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर यायची परवानगी नव्हती. भीती ही, की घरी दिसलं तर मैदानात कोण येईल? ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी खटला भरला आणि सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधात गेलेल्या दोघांपैकी बायरन व्हाइट हे न्यायमूर्ती स्वतः कॉलेज फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू. पैसा खेळाच्या शैक्षणिक बाजूला गिळेल, असा त्यांचा रोख होता.

पुढचं चाळीस वर्षांत घडलं. प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांच्या गटांकडे गेले, मग गटांमध्ये फोडाफोडी सुरू झाली. (मराठी वाचकाला याहून जास्त समजावायची गरज नसावी.) 'बिग टेन' नावाच्या गटात आज अठरा विद्यापीठं आहेत, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत. 'अटलांटिक कोस्ट' गटात २०२४पासून पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड आहे. म्हणजे कोकण विभागाच्या स्पर्धेत गोंदियाचा संघ. करार होतात फुटबॉलच्या जोरावर, पण त्यापायी दोन हजार मैलांचा विमानप्रवास करून सकाळी परीक्षेला बसते ती सॉफ्टबॉल नाहीतर व्हॉलीबॉल खेळणारी पोरगी. आणि बघणाऱ्याचं म्हणाल तर एकाच संघाच्या मोसमातल्या सगळ्या मॅच बघायला तीन-चार ठिकाणी वर्गणी भरावी लागते. एक मॅच या ॲपवर, पुढची त्या चॅनेलवर. फेब्रुवारी २०२४मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कनं एनसीएएच्या महिला बास्केटबॉलमधला सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला ती मॅचसुद्धा टीव्हीवर नव्हती, पैसे भरून बघायच्या स्ट्रीमिंगवर होती. शेजारच्या आजोबांना ती नातवाच्या पासवर्डवर बघावी लागली.

गेल्या काही वर्षांत खेळाडूंनाही यातला वाटा मिळू लागला आहे, आणि मिळायलाच हवा. जून २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर एखादं विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतं; २०२५-२६ या पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. पण मग त्याला कॉलेजचा खेळ का म्हणायचं, हे इथलेच लोक एकमेकांना विचारताहेत. तेव्हा ग्रुपवरच्या मित्रांनो, हे उचलून आणू नका. एक आयपीएल पुरे आहे.

आता दुसरा पक्ष. कोण बघणार? तर मिरजेची एक शहात्तर वर्षांची बाई बघते, पहाटे उठून. लेकीचं कॉलेज एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, फी आम्हीच भरतो, टीव्हीवाले फिरकत नाहीत. अशी चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, आणि कितीतरी ठिकाणी मॅच ऑनलाइन दाखवायचं काम विद्यार्थीच करतात. कॅमेरा कुणाच्या तरी प्रॅक्टिकलचा भाग असतो. काही ठिकाणी आता याचेही पैसे मागायला लागलेत, आणि ते मला भुरटेपणाचं वाटतं. पण मुळातली गोष्ट स्वस्त आहे: एक कॅमेरा, एक लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि दोन बोलकी पोरं.

यातलं आपल्याकडे काय नाही? बैलगाडा शर्यतीचा घाट यूट्यूबवर लाइव्ह असतो, वर ड्रोन, खाली धावतं समालोचन. गावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा रात्रीच्या उजेडात लाइव्ह दिसतात, स्कोअर ॲपवर बॉल-बॉलला भरला जातो, हजारोंनी लोक बघतात. मुंबईत बसलेला चाकरमानी आपल्या वाडीच्या संघाची फायनल लोकलमध्ये उभ्याउभ्या बघतो. यंत्रं आहेत, माणसं आहेत, बघणारेही आहेत. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२०ला भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्याही दिसतात. दिसत नाही ते मधलं: आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, राज्यातल्या विद्यापीठांच्या 'अश्वमेध' क्रीडामहोत्सवापर्यंतची वाट. पोरं जिथे खरी घडतात तेवढंच अंधारात.

आणि कॉलेजच्या नावानं घसा फोडायची सवय आपल्याला नाही, हेही खरं नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्यांना भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' ऐकलेल्या माणसानं ते म्हणूच नये. एकांकिकेला जे मिळतं ते कबड्डीला का मिळत नाही, याचं माझं उत्तर जरा कडू आहे. एकांकिका प्रेक्षकांसाठी असते. आपली कॉलेजची मॅच प्रमाणपत्रासाठी असते.

हे मी बाहेरून म्हणत नाही. नव्वदीच्या दशकात मी सांगलीत कॉलेजच्या खो-खो संघात होते. दोन मोसम विभागीय खेळले. खांबाजवळ सूर मारून गडी बाद करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, असं मी म्हणते. म्हणते, कारण पुरावा काहीच नाही. लॅमिनेट केलेली दोन प्रमाणपत्रं आहेत, त्यातल्या एकावर नाव चुकलंय. मैदान घरापासून दहा-बारा किलोमीटरवर होतं, आणि आईनं मला एकदाही खेळताना बघितलं नाही. तेव्हा मुलीच्या मॅचला आईनं जायचं ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. दुपारी मॅच, आईला दळण, पाणी, पाहुणे. मी घरी येऊन गुडघ्याला हळद लावायची आणि ती विचारायची, "झालं का?"

इथे मॅच संपते तेव्हा मॅच उरते. ती कुठेतरी साठवलेली असते, कुणीही काढून बघावी. आपल्याकडे मॅच संपली की कागद उरतो, आणि मग सगळी झटापट त्या कागदाची. दहावी-बारावीचे वाढीव गुण कागदावर, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण कागदावर. म्हणून तर ट्रॅम्पोलिनवर पाय न ठेवलेल्यांची ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रं निघतात, आणि ती खरी की खोटी हे क्रीडा खात्यानं पडताळत बसायचं. स्पर्धेचं चित्रण असतं तर निम्मं काम तिथेच झालं असतं. संघनिवडीचंही तसंच. कुणाला का घेतलं आणि कुणाला का वगळलं, हे चित्रण बघणाऱ्या परगावच्या माणसालाही थोडंफार कळलं असतं.

अर्थात व्हिडिओ म्हणजे गंगाजल नव्हे. २०२२मध्ये गुजरातमधल्या एका गावात शेतमजुरांना रंगीत जर्सी घालून अख्खी बनावट क्रिकेट लीग यूट्यूबवर लाइव्ह दाखवली गेली, आणि तिच्यावर रशियातून सट्टा घेतला गेला. इथे ओहायोत २०२३च्या १ जानेवारीपासून खेळांवर पैजा कायदेशीर आहेत. पैज हरलेली माणसं कॉलेजच्या पोरांना मोबाइलवर शिव्या पाठवू लागली, म्हणून वर्षभरानंतर एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर पैज लावायला राज्यानं बंदी केली. कॅमेरा आला की असली माणसंही येतात. मुलींच्या मॅच दाखवताना खालच्या कमेंट बंद ठेवायच्या, एवढी अक्कल तरी पहिल्या दिवसापासून हवी.

शिवाय पोरांचं काय? माझी लेक ऑक्टोबरात एका महत्त्वाच्या मॅचला सलग दोन सर्व्हिस जाळीत मारून बसली. ते आता कायमचं तिथे आहे. मला ती म्हणाली, "आई, लाइव्ह बघत जा. रेकॉर्डिंग नको बघूस." मी नाही बघत. आजी बघते, पण ती चांगला भाग आला की मागे घेऊन परत बघते, वाईट भाग बोटानं पुढे ढकलते.

नोव्हेंबरात मोसम संपला. इथली घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे शेवटच्या दोन मॅच आईला साडेपाचला मिळाल्या. "घड्याळ कोण बदलतं तुमच्याकडे? सरकार?" असं विचारून तिनं ते मनावर घेतलं नाही. पण पहाटे उठायची सवय लागली होती. डिसेंबरात माझ्या भावाचा मुलगा कॉलेजकडून कबड्डीच्या आंतरविभागीय स्पर्धेला जाणार होता. आईनं त्याला विचारलं, "तुझ्या मॅचची लिंक पाठव मला."

तो हसला. "आजी, लिंक कसली? संध्याकाळी फोटो येईल ग्रुपवर."

फोटो आला. त्यानं तो मलाही पाठवला, खाली लिहिलं होतं, "आत्या, जिंकलो." पुढे खुर्च्यांवर सातजण बसलेले, हार, शाली, मधल्याच्या मांडीवर करंडक. मागे संघ उभा. आईनं टॅबलेटवर दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसऱ्या शालीच्या मागे तिला त्याचा एक कान सापडला.