‘फोटो अ‍ॅपवर टाका, एआय व्यंग सांगेल’: या फॉरवर्डमध्ये चुकतंय काय?

गरोदर बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: एआय आता सोनोग्राफीत बाळाचं कुठलंही व्यंग ९५ टक्के अचूक ओळखतं, तेही बाराव्या आठवड्यात, आणि भारतातही आयआयटीने ते बनवलंय. फोटो अ‍ॅपवर टाकला की झालं, पाचव्या महिन्यातल्या अ‍ॅनॉमली स्कॅनवर (बाळाचे सगळे अवयव तपासणारी सविस्तर सोनोग्राफी) खर्च कशाला? हे वाचून कुणी तो स्कॅन टाळला तर गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘९५ टक्के अचूक’

असा आकडा एका चांगल्या अभ्यासात खरोखर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्रातल्या गटाने तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. पण तो हृदयाच्या गुंतागुंतीच्या जन्मजात दोषांपुरताच आहे. ओठ, मणका, मूत्रपिंड, हातपाय यांच्याशी त्याचा संबंध नाही.

शिवाय ९५ टक्के म्हणजे काय, हेही पाहा. तपासलेल्या ४,१०८ गर्भांपैकी सुमारे ०.९ टक्के, म्हणजे ३७ च्या आसपास बाळांना दोष होता. त्यातले ९५ टक्के, म्हणजे साधारण ३५ पकडले गेले. निरोगी बाळांना निरोगी म्हणण्यात यंत्र ९६ टक्के बरोबर होतं. उरलेले ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण निरोगी बाळं चार हजारांवर असल्याने ती संख्या १६० च्या पुढे जाते. म्हणजे यंत्राने ‘दोष आहे’ म्हटलेल्या साधारण सहा बाळांपैकी एकालाच खरा दोष. चाळणी म्हणून हे उत्तमच आहे, पण हे निदान नव्हे. त्या इशाऱ्यानंतर फीटल एको (बाळाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) करावाच लागतो.

‘फोटो अ‍ॅपवर टाका’

सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच. फाइलमधल्या कागदावर येतात ते स्कॅन करणाऱ्याने निवडलेले मोजके फोटो. हृदयाचा म्हणून बहुतेकदा चार कप्प्यांचा फोटो असतो. महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांची अदलाबदल झालेल्या बाळात हा फोटो अगदी नॉर्मल दिसू शकतो. दोष कळतो तो प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण) तिथून बाळाच्या डोक्याकडे किंचित कलवत नेल्यावर: निरोगी हृदयातून निघताना या दोन नळ्या एकमेकींना ओलांडतात, या दोषात समांतर जातात. तो छेद, म्हणजे त्या कोनातलं चित्र, घेतलाच नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ‘ठीक आहे’ असंच म्हणेल, आणि बाळ जन्मल्यावर काही तासांत निळं पडू शकतं.

छेद मिळवणं हीच खरी मेहनत. बाळाची पाठ वर असली की मणक्याची आणि बरगड्यांची सावली हृदयावर पडते. आईच्या पोटावर चरबी जास्त असली किंवा गर्भजल कमी असलं की चित्र धूसर होतं. मग आईला कुशीवर वळवायचं, थोडं चालून यायला सांगायचं, वीसेक मिनिटांनी पुन्हा प्रोब लावायचा. ही कामं अ‍ॅप करत नाही.

डोक्याच्या मापाचंही तसंच. योग्य छेदात थॅलॅमस (मेंदूच्या मधले दोन गोळे) दिसतात, छोटा मेंदू दिसत नाही. छोटा मेंदू आला म्हणजे छेद तिरका गेला. त्या तिरक्या छेदावरही स्वयंचलित माप अगदी सुबक बसेल, फक्त ते चुकीच्या जागेचं असेल.

‘बाराव्या आठवड्यात सगळं कळतं’

११ ते १४ आठवड्यांच्या एनटी स्कॅनमध्ये, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात त्या सोनोग्राफीत, कवटी न बनणं, पोटाची भिंत उघडी राहणं असे मोठे दोष दिसतात, आणि तो स्कॅन करायलाच हवा. पण मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम १८ ते २० आठवड्यांपर्यंत पूर्ण आकाराला येत नाही. जे अजून घडलंच नाही त्यातला दोष यंत्र कसा पाहणार? काही गोष्टी तर विसाव्या आठवड्यानंतरच उघड होतात. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेझियात (हाडं आखूड राहून बुटकेपणा येणारा दोष) मांडीचं हाड तोवर बहुधा मापात असतं, नंतर मागे पडतं.

डाउन सिंड्रोमचं निदान सोनोग्राफीने होत नाही, एआय असो वा नसो. रक्ताच्या चाचणीतून शक्यता कळते, पक्क्या निदानासाठी गर्भजल तपासणीसारखी चाचणी लागते.

‘भारतातही आयआयटीने बनवलंय’

आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या सरकारी संशोधन संस्थेने बनवलेलं ‘गर्भिणी-जीए२’ हे २०२४ मध्ये पुढे आलेलं मॉडेल भारतीय गर्भांच्या मापांवरून गर्भाचं वय काढतं. काम मोलाचं आहे, पण ते व्यंग शोधत नाही.

एआयचा खरा उपयोग स्कॅन चालू असतानाच होतो: कोणता छेद राहिला ते सांगणं, मापं भराभर घेणं, संशयाच्या जागी बोट ठेवणं. अनुभवी हातात ते फार कामाचं आहे, आणि तालुक्याच्या सेंटरपर्यंत पोचायला हवं. मात्र बाळाचं लिंग सांगणं पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याने गुन्हाच आहे, मग ते माणसाने सांगो वा अ‍ॅपने.

अ‍ॅनॉमली स्कॅन १८ ते २० आठवड्यांत घ्या. काही आढळलं तर फीटल एको, गर्भजल तपासणी आणि तिच्या रिपोर्टला दोन-तीन आठवडे सहज जातात. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो, त्यापुढे मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. रिपोर्टमध्ये ‘बाळाच्या स्थितीमुळे हृदय नीट दिसलं नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर तो नॉर्मल रिपोर्ट नव्हे. एक-दोन आठवड्यांत पुन्हा बोलावण्याची तारीख तिथेच मागून घ्या.