बहुतेक ब्राझील

काल पहाटे साडेचार वाजता आमच्या इमारतीत ब्राझील ऐकू आलं. मला नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना. रेडिओ माझा, गच्चीवरची वीस मीटर तार माझी, सर्दीही माझीच. ब्राझील तेवढं काकांचं.

शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर, लांबची स्टेशनं पकडायची तर थंडीसारखा मोसम नाही. दिवसा आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा डी थर कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल गिळून बसतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि सिग्नल वरच्या एफ थरावर आपटत, जमिनीवर टप्पे घेत समुद्र ओलांडतात. थंडीत रात्र मोठी आणि ढगांचा कडकडाटही कमी, म्हणून खरखर कमी. हे सगळं गोधडीत बसून वाचायला फार छान आहे. प्रत्यक्षात खाली प्रत्येक घरात एलईडी दिवे आणि चार्जर अखंड कुरकुरत असतात, त्यामुळे रेडिओ घेऊन गच्चीवर जावं लागतं, आणि गच्चीवर थंडी असते.

तर ४८८५ किलोहर्ट्झ. चार वाजल्यापासून खरखरीच्या तळाशी एक माणूस बोलत होता. भाषा पोर्तुगीजसारखी, नाकातली. या फ्रिक्वेन्सीवर ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलें शहरातलं रेडिओ क्लूबे दो पारा असतं. पण ‘असतं’ म्हणून चालत नाही, नाव कानांनी ऐकावं लागतं. स्टेशनं नाव सांगतात ती बहुधा तासाच्या ठोक्याला, आणि जागतिक वेळेचे २३०० म्हणजे आपले साडेचार. अर्धा तास मी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. खरं तर ते हलतच नव्हतं.

चार पंचवीसला टॉर्च घेऊन काका वर आले.

“कोण आहे?”

मी ओठांवर बोट ठेवलं. काकांनी लगेच आवाज उतरवला. “चोर आहे का?”

“ब्राझील आहे. बहुतेक.”

“कुठे?” म्हणत त्यांनी टॉर्च पाण्याच्या टाकीमागे मारला.

मी शक्य तितक्या कमी शब्दांत समजावलं. त्यांनी शक्य तितक्या जास्त शब्दांत ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाईल काढला. तो तारेजवळ येताच माझ्या कानात कुणीतरी पत्रा कापायला घेतला. काका शोधत होते. “हे घ्या, लागलं! ब्राझीलच आहे ना?” एक बाई लख्ख आवाजात गात होती. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

“काका, हे इंटरनेटवरून आलंय.”

“मग तुमचं कशावरून येतंय?”

“आयनोस्फिअरवरून.”

काकांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “पण आमचं स्वच्छ येतंय,” ते म्हणाले.

आता याला काय उत्तर द्यायचं? १२ डिसेंबर १९०१ रोजी आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर बिनतारी संदेशवाला मार्कोनी असाच थंडीवाऱ्यात बसला होता, पतंगाला तार बांधून. त्याला अटलांटिकपलीकडून मोर्सचा ‘एस’ ऐकू आला, म्हणजे तीन टिंबं. पुरावा शून्य. ऐकणारे दोघे, तो आणि त्याचा मदतनीस. त्याने नुसती खरखर ऐकली असावी, असं म्हणणारे आजही आहेत. पण निदान त्याच्या मदतनिसाने “आमचं स्वच्छ येतंय” म्हटलं नव्हतं.

श्रोत्यांची एक पद्धत आहे, सिन्पो नावाची. सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनची लुडबुड, खरखर, चढउतार आणि एकंदर दर्जा, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ब्राझील २-३-२-२-२ होतं. काका सरळ ५-५-५-५-५.

चार एकोणतीस. काकांचा हात पुढे आला. “बघू तरी, एवढं काय आहे त्यात.” मी नको म्हणेपर्यंत इअरफोन त्यांच्या कानात होते. वडीलधाऱ्या माणसाच्या कानातून काही ओढून काढायचं नसतं, हे संस्कार मला ऐन वेळी आडवे आले. मी फक्त त्यांचा चेहरा बघत राहिलो. तो हळूहळू उजळला.

“अरे, आता नाव सांगतोय बघा!”

“काय नाव?”

“थांबा हो, बोलू नका मध्ये.”

मग त्यांनी इअरफोन काढून दिले. मी ते कानात घातले. गिटार वाजत होती.

“काय म्हणाला, काका?”

“रेडिओ असं काहीतरी म्हणाला.”

“रेडिओ काय?”

“ते नाही लक्षात राहिलं. पण खरखर फार आहे हो. दाखवून घ्या कुणाला तरी.”

स्टेशनला रिसेप्शन रिपोर्ट पाठवला की कधीकधी क्यूएसएल कार्ड येतं, ऐकल्याची पावती. रिपोर्टमध्ये वेळ, फ्रिक्वेन्सी आणि काय ऐकलं ते लिहावं लागतं. मी काय लिहू? २३०० वाजता शेजाऱ्यांनी ‘रेडिओ असं काहीतरी’ ऐकलं, मी गिटार? आणि पुन्हा कधीतरी ऐकू म्हणावं, तर स्टेशनंच उरत नाहीत. नेदरलँड्सने २०१२मध्ये शॉर्टवेव्ह गुंडाळली, ऑस्ट्रेलियाने २०१७च्या जानेवारीत. कारण काय, तर आता सगळं इंटरनेटवर स्वच्छ येतं. जगभर हे निर्णय घेणारे सगळे आमच्या काकांचेच भाऊबंद असावेत.

आज संध्याकाळी लिफ्टपाशी काका चौघांना सांगत होते, “काल पहाटे मी ब्राझील ऐकलं, साध्या रेडिओवर.” माझं ‘बहुतेक’ त्यांनी परस्पर काढून टाकलं होतं. मला बघताच म्हणाले, “हे होते ना तिथे. विचारा यांना.”

चौघांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणालो आणि शिंकलो.