‘एक बटण दाबायचे 1,850 रुपये’ या रिव्ह्यूला टीव्ही-केबल दुरुस्तीच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या कॅरव्हॅनमधला (राहायची सोय असलेल्या गाडीतला) टीव्ही बघायला मढला पोचायला दीड तास उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वर्सोव्याच्या जेट्टीवर बोटीला रांग होती, पण तसा फोन तुम्हाला करायला हवा होता. तो केला नाही, ही चूक आमचीच.

पण त्यापुढे तुम्ही लिहिलंय, ‘‘एक बटण दाबलं आणि 1,850 रुपये घेऊन गेले, सरळ लूट.’’ हे वाचून फार लागलं. कॅरव्हॅनमधल्या टीव्हीचं काम सांगणारी गिऱ्हाइकं मुंबईत मोजकी, आणि ती इथले रिव्ह्यू वाचूनच फोन करतात. म्हणून त्या बटणाचं काय होतं ते नीट सांगतो.

टीव्हीशेजारच्या कप्प्यात जी पांढरी प्लेट आहे, तिच्यावरचं बटण छतावरच्या अँटेनाच्या बूस्टरचं आहे. ते दाबलं की हिरवा दिवा लागतो, प्लेट छतावरच्या अँटेनाला 12 व्होल्ट पाठवते आणि त्याच क्षणी गाडीच्या बाजूच्या सॉकेटमधून, म्हणजे बंगल्यातल्या केबलवरून, येणारा सिग्नल आतल्या आत बंद करते. हा बिघाड नाही, प्लेटची रचनाच तशी आहे. दिवा लागलेला असेल तर केबलवाल्याने कितीही चांगला सिग्नल दिला तरी तो टीव्हीपर्यंत येत नाही. तुमच्या गाडीत दिवा लागलेला होता. बंद केला, चित्र आलं. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे. काम एवढंच असतं तर व्हिजिटचे 600 रुपये घेऊन आम्ही निघालो असतो.

चित्र आलं ते बघून तुम्ही बंगल्यात गेलात. पुढचा सव्वा तास तुम्ही तिथे नव्हता, सर. चित्र आलं होतं, पण निम्म्या चॅनलवर चौकोन पडत होते आणि काहींवर ‘सिग्नल नाही’ येत होतं. सिग्नलचा जोर मोजायचा मीटर लावला. बंगल्याच्या भिंतीवरून येणाऱ्या केबलवर 64 डीबी मायक्रोव्होल्ट (सिग्नलचा जोर मोजायचं माप, थोडक्यात डीबी), टीव्हीपाशी 41. मधल्या 12 मीटर केबलमध्ये 2 ते 3 डीबी जातात, एक केबल दोन टीव्हींना वाटून देणाऱ्या स्प्लिटरमध्ये साधारण 4. म्हणजे टीव्हीपाशी 57 च्या आसपास यायला हवे होते. 16 डीबी कुठे तरी गळत होते, आणि ते शोधणं हेच खरं काम होतं.

आधी गाडीतली केबल पूर्ण बाजूला ठेवून एक सुटी केबल थेट सेट-टॉप बॉक्सला जोडली. सगळे चॅनल स्वच्छ. म्हणजे केबलवाल्याचा दोष नाही, बॉक्सचाही नाही, दोष गाडीतच. मग बाजूच्या झाकणातलं सॉकेट उघडलं. आत हाताने पिळून बसवलेला एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) होता. रस्त्याच्या धक्क्यांनी असे कनेक्टर सैल होतात, आणि मढच्या खाऱ्या दमट हवेने बाकीचं केलं. मधल्या तारेवर हिरवा थर, वरची जाळी काळी पडलेली. नखाने टोकरल्यावर तारेचं टोक मोडून हातात आलं. केबल कापत मागे गेलो तर हातभर आतही ओल होती. प्रत्येक चॅनलची फ्रिक्वेन्सी वेगळी, आणि ओल शिरलेल्या केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल आधी कमजोर होतो, म्हणून काही चॅनल दिसत होते आणि काही गायब. नुसतं बटण दाबून आलो असतो तर आठवड्यात तुम्ही पुन्हा फोन केला असता.

हिशोब असा: व्हिजिट आणि तपासणी 600, आरजी-6 (टीव्हीची नेहमीची) केबल 8 मीटर 280, मशीनने दाबून बसवलेले चार कनेक्टर 160, जुना स्प्लिटर गंजला होता म्हणून नवा 150, झाकणाचं वॉटरप्रूफ सॉकेट 360, मजुरी 300. निघताना टीव्हीपाशी मीटरवर 57 होते. कापलेली केबल आणि तो हिरवा कनेक्टर पिशवीत घालून त्याच कप्प्यात ठेवलाय. कृपया एकदा उघडून बघा.

आणखी एक. आम्ही येण्याआधी केबल थेट टीव्हीला लावून तीनदा ऑटो-स्कॅन केल्याचं तुम्हीच सांगितलंत. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 नंतर केबल सेट-टॉप बॉक्सशिवाय दिसत नाही, त्यामुळे स्कॅनमध्ये काही सापडणं शक्यच नव्हतं. हे दोष द्यायला लिहीत नाही. पण चॅनलची यादी पुन्हा लावून देण्यात आमची वीस मिनिटं गेली, आणि त्याचे पैसे बिलात नाहीत.

हे वाचणाऱ्या इतर कॅरव्हॅनवाल्यांनाही सांगतो, आम्हाला बोलवायच्या आधी हे बघा. हिरवा दिवा बंद आहे का. टीव्हीचा इनपुट बॉक्सच्याच एचडीएमआयवर आहे का. बॉक्सला सुटी केबल थेट लावून चित्र येतं का. आलं तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये, नाही आलं तर केबलवाल्याला फोन करा, आमच्या व्हिजिटचे तुमचे 600 वाचतील. कनेक्टर स्वतः लावत असाल तर जाळीची एकही तार मधल्या तारेला शिवू देऊ नका, त्या एका तारेने पूर्ण सिग्नल शॉर्ट होतो. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर 2 ते 3 मिलिमीटर आली की पुरे. आणि बाहेरची केबल सॉकेटमध्ये लावताना खाली झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. तुमच्या गाडीत नेमकं उलटं होतं, केबल वरून उतरत सरळ सॉकेटमध्ये जात होती.

यापुढे काय बदललं ते गिऱ्हाइकाला दाखवूनच बिल देऊ, आणि वेळेचंही बघतो. त्या बटणाखाली ‘केबल लावताना बंद ठेवा’ अशी चिठ्ठी चिकटवायची त्या दिवशी राहून गेली. पुढच्या आठवड्यात वर्सोव्याला काम आहे, तेव्हा बोटीने येऊन चिकटवून जातो आणि मीटरही पुन्हा लावून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत. फक्त तेव्हा दहा मिनिटं गाडीपाशी थांबा, एवढी विनंती.