उजेड दिसतो म्हणून धूळ जाते असं नाही: फिल्टरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'डर्ट बाइकला कॉटन फिल्टर लावू नका' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठलो, दोन्ही फिल्टर समोर घेऊन बसलो आणि मग लिहायला लागलो. उत्तर लांबलंय, कारण तुमचे काही मुद्दे मला खोडता येत नाहीत. जे खोडता येतात तेही एका ओळीत उडवून लावण्यासारखे नाहीत.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की इंजिनात जाणारी हवा गाळणारा कॉटन फिल्टर उजेडाकडे धरला की बारीक बारीक छिद्रं दिसतात, म्हणजे त्यातून धूळही जाणार. तेव्हा मातीत चालवायच्या गाडीला (डर्ट बाइकला) स्पंजासारख्या फोमचा फिल्टरच लावा, विषय संपला. त्यावर तुमचं म्हणणं असं: उजेडाची परीक्षा हास्यास्पद आहे. कॉटनमधून हवा मोकळी जाते, म्हणून ताकद वाढते. कंपन्या फोम लावतात तो स्वस्त पडतो म्हणून. तुम्ही चार वर्षं कॉटनवर गाडी चालवताय, मुख्यतः डांबरी रस्त्यावर आणि सुट्टीच्या दिवशी कच्च्यावर, आणि इंजिन ठणठणीत आहे. शिवाय दर आठवड्याला फोम धुऊन, तेल लावून हात चिकट करून घ्यायची हौस सगळ्यांना नसते. शेवटी 'लेखकाने कधी इंजिन उघडून तरी पाहिलंय का?' असं विचारलंत. पाहिलंय. ते पुढे येतंच.

आधी उजेड. इथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात आणि मी चूक. भरड फोम उजेडाकडे धरला तर त्यातूनही उजेड दिसतो, मग त्यालाही नापास करावं लागेल. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. चाळणीत छिद्रापेक्षा मोठा कण अडतो आणि लहान खाली पडतो. फिल्टरमध्ये हवा धाग्यांच्या मधून वळणं घेत जाते. धुळीच्या कणाला वजन असतं, त्याला ती वळणं साधत नाहीत. तो सरळ जाऊन धाग्यावर आपटतो आणि तिथल्या तेलाला चिकटतो. अगदी बारीक कण तर हवेत इकडेतिकडे भरकटतच धाग्याला लागतात. म्हणून छिद्र कणापेक्षा कितीतरी मोठं असलं तरी कण अडकू शकतो. मात्र धाग्यावर तेल हवं. कोरडा असेल तर फोम काय आणि कॉटन काय, आपटलेला कण पुढच्या झोताबरोबर सुटून आत जातो. हे मला ठाऊक होतं, तरी छिद्रांचा फोटो छान आला म्हणून तो परिच्छेद लिहून बसलो.

माझी आणखी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. कॉटनचं तेल उडून सेन्सर खराब होतो असं मी लिहिलं होतं. ही तक्रार मोटारींकडून आलेली आहे. तिथे आत येणारी हवा मोजणारा तापलेल्या तारेचा सेन्सर फिल्टरच्या लगेच पुढे बसवलेला असतो. डर्ट बाइकमध्ये तो सेन्सरच नसतो. कार्बोरेटर असेल तर प्रश्नच मिटला, आणि इंजेक्शन असेल तर हवेचा अंदाज थ्रॉटल (हवा कमी-जास्त सोडणारी झडप) किती उघडलाय आणि इनटेकमधला, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेतला, दाब किती आहे यावरून घेतला जातो. तो मुद्दा लेखातून काढून टाकलाय.

आता ताकदीचं बघू. जरा आकडेमोड करू या. 450 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणजे 9,000 आरपीएमवर मिनिटाला 4,500 वेळा. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं धरलं तर मिनिटाला सुमारे 2,000 लिटर हवा झाली. तीही सलग धारेने येत नाही. एकच सिलिंडर असल्यामुळे सेकंदाला 75 गचके बसतात आणि प्रत्येक गचका चक्राच्या साधारण एक तृतीयांश वेळातच उरकावा लागतो. म्हणजे ओढ असते त्या क्षणी फिल्टरमधून जाणाऱ्या हवेचा वेग सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. अशा वेळी मोकळा फिल्टर कामी येतो, हे मान्य. पण तो कामी येतो थ्रॉटल पूर्ण उघडा असताना. अर्ध्या थ्रॉटलवर हवेची वाट थ्रॉटलनेच अडवलेली असते, तिथे फिल्टर बदलून काय होणार? आणि वळणावळणाच्या, खड्ड्याखडकांच्या वाटेवर आपण पूर्ण थ्रॉटल किती वेळ धरतो हे प्रत्येकाने आपल्या मनगटाला विचारावं.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो पहिल्या तासानंतरचा फिल्टर. हवा मोकळी जाते हे आपण नव्या, स्वच्छ फिल्टरबद्दल बोलत असतो. धुळीत तासभर पुढच्या गाडीच्या मागे राहिलात की दोन्ही फिल्टरांचा स्वभाव वेगळा पडतो. कॉटनमध्ये जाळीच्या मध्ये कापडाचे मोजकेच थर असतात, ते घड्या घालून बसवलेले. धूळ मुख्यतः पृष्ठभागावर आणि घड्यांच्या खाचांत साठते. कोरडी धूळ असेल तर घड्यांमुळे क्षेत्रफळ भरपूर मिळतं आणि काम चालतं. पण ओला चिखल खाचांत भरला की ते क्षेत्रफळ एका फटक्यात नाहीसं होतं. फोम जाड असतो. चांगल्या फिल्टरमध्ये बाहेर भरड आणि आत बारीक असे दोन थर चिकटवलेले असतात. मोठे कण बाहेर राहतात, लहान आत खोलवर अडकतात, आणि साठवायला पूर्ण जाडी मिळते. शिवाय बहुतेक डर्ट बाइकचा एअरबॉक्स (फिल्टर बसतो तो डबा) सीटखाली, मागच्या चाकाच्या तोंडासमोर असतो. चाक त्यात काय काय फेकतं हे साइड कव्हर उघडल्यावर तुम्हीही पाहिलं असेलच.

फोम स्वस्त पडतो म्हणून लावतात, हा तुमचा तर्क. पडत असेलही. पण मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोच्या (कच्च्या मातीतल्या शर्यतींच्या) बहुतेक सगळ्या गाड्या कारखान्यातूनच फोम घेऊन येतात, त्याला आणखी कारणं आहेत. सीटखालच्या आडनिड्या जागेत फोम कसाही बसतो. त्याची जाड, मऊ कड दाबली गेली की चहूबाजूंनी घट्ट बसते. त्यात शिरलेलं पाणीही लवकर निथळतं.

टक्क्यांबद्दलही एक गोष्ट, कारण तुम्ही 'एखाद्या टक्क्याने काय फरक पडतो' असं लिहिलंत. समजा एक फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 98 टक्के. ऐकायला दोघे भाऊभाऊ वाटतात. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नसतं. त्याच्या वाट्याला येते ती सुटलेली धूळ, आणि ती दुसऱ्या फिल्टरमधून दुप्पट येते. धुळीत बहुधा क्वार्ट्ज असतं आणि खनिजांची कठीणता मोजणाऱ्या 1 ते 10 च्या मोहस् मापनावर ते 7 वर आहे. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड. पिस्टन, रिंग आणि बेअरिंगमध्ये तेलाचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचाच. जो कण बरोबर त्या थरात शिरून दोन्ही बाजूंना घासेल, तोच घातक. टू-स्ट्रोकमध्ये तर हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखाली क्रँक फिरतो त्या पेटीतून, जाते, म्हणजे धुळीची पहिली गाठ क्रँकच्या बेअरिंगांशी पडते.

आता उघडलेलं इंजिन. माझी 250 सीसीची फोर-स्ट्रोक. गार असताना एका किकमध्ये सुरू व्हायची, पण गरम झाली की दहा-बारा किका मारून पाय दुखायचा. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, पेट्रोलला शिव्या घातल्या. शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह (झडप) आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, तपासले. एक्झॉस्टची गॅप ठीक होती, पण इनटेकच्या दोन्ही व्हॉल्व्हना फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा शिरेना. या गाड्यांमध्ये इनटेक व्हॉल्व्ह अनेकदा टायटॅनियमचे असतात. वजनाला हलके, आणि त्यांच्यावर अगदी पातळ, कठीण लेप. धुळीने तो लेप एकदा खरवडला की खालचा मऊ धातू झपाट्याने झिजतो, व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये (तो बंद होताना टेकतो त्या कडीत) वर सरकतो आणि गॅप संपते. मग गरम इंजिनात व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. कॉम्प्रेशन कुठून मिळणार?

आणि त्या गाडीला फिल्टर कोणता होता? फोम.

हे मूळ लेखात लिहिलं नव्हतं, आणि ते लपवणं तुमच्या कुठल्याही टोमण्यापेक्षा वाईट होतं. घाईत धुतलेल्या फोमला मी फिल्टरचं तेल न लावता डब्यात उरलेलं इंजिन ऑइल चोळलं होतं. ते चिकट नसतं. गाडी दोन दिवस उभी राहिली की खाली उतरतं, वरचा भाग कोरडा पडतो, आणि उरलेलं हवेबरोबर आत ओढलं जातं. कडेला ग्रीसही लावलं नव्हतं. एअर बूटच्या (फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या) आत बोट फिरवलं तर मेंदीसारखी बारीक माती लागली. नीट तेल लावलेला कॉटन फिल्टर असता तर माझे व्हॉल्व्ह वाचलेही असते. तेव्हा 'फोम म्हणजे निर्धास्त' असा जो सूर माझ्या लेखात होता तो मी मागे घेतो.

मग मी अजून फोमच का लावतो? कारण माझं चालवणं जवळजवळ सगळं धुळीत, चिखलात आणि दुसऱ्या गाड्यांच्या मागे असतं, आणि मी आता धुवायला शिकलोय. तुमचा कंटाळा मला कळतो. यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे तीन फिल्टर ठेवणं. एक गाडीत, दोन धुऊन, तेल लावून, झिप असलेल्या प्लॅस्टिक पिशव्यांत तयार. चालवून आलो की मळका काढायचा, तयार असलेला बसवायचा, धुणं मग महिन्यातून एकदा सगळ्यांचं मिळून. पेट्रोलने धुऊ नका, थरांमधला गोंद सुटतो. फिल्टर क्लीनर, मग कोमट साबणाचं पाणी, आणि दाबून पाणी काढायचं. कपड्यासारखं पिळायचं नाही, शिवण फाटते. पूर्ण वाळल्यावर हातमोजे घालून तेल कणीक मळल्यासारखं मुरवायचं, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत, आणि जास्तीचं दाबून काढायचं. तेल पातळ ठेवणारं द्रावण उडून जायला रात्रभर द्या. कडेला ग्रीस. आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला फोम बसवण्याआधी चिमटीत दाबून पाहा. भुगा होत असेल तर तो भुगा उद्या इंजिनात जाणार आहे.

तुमच्याकडे वळतो. डांबरी रस्ता जास्त, कच्चा कधीमधी, आणि फिल्टरला हात लावायचा कंटाळा. अशा माणसाला मी आज कॉटनच सुचवीन. न धुतलेल्या फोमपेक्षा तो बरा. फक्त त्याला कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धागे सरकतात. आतून बाहेर अशा हलक्या धारेने धुवा, सावकाश वाळू द्या, हीटरसमोर धरू नका, आणि तेल बेताने लावा. लांब, चिखलाच्या फेरीला निघाल तेव्हा मात्र फोम बसवून जा. तुमच्या एअरबॉक्सला दोन्ही बसतात असं तुम्हीच लिहिलंय.

'चार वर्षांत काही झालं नाही' हा पुरावा मात्र मी घेणार नाही. माझंही इंजिन गरम असताना किका खायला लागेपर्यंत ठणठणीतच वाटत होतं. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या नळीत आतून पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात फिरवा, दोन फेऱ्या मारून या, आणि बोट फिरवून पाहा. ग्रीस पांढरं राहिलं तर फिल्टर आणि त्याची बैठक दोन्ही ठीक. तपकिरी, खरखरीत लागलं तर काहीतरी आत येतंय. बघून झाल्यावर ते ग्रीस पुसून टाकायला विसरू नका. सोबत इनटेकची गॅपही मोजून घ्या.

लेखाचं शीर्षक बदललंय. उजेडाचा परिच्छेद मात्र काढलेला नाही. त्यावर रेघ मारून खाली तुमचा आक्षेप जसाच्या तसा जोडलाय. टॅपेटचे आकडे आले की कळवा. गॅप कमी झालेली नसेल तर तेही तिथेच छापीन.